प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स शिकवायचाय? आधी कोड वाचायला लावा, लिहायला नंतर

ज्यांच्या गळ्यात या वर्षी पहिल्यांदाच प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि ज्यांनी चारदोनदा शिकवलाय पण दर वेळी वर्गाचा मोठा भाग मध्येच कुठेतरी गळतो असा अनुभव आहे त्यांच्यासाठीही. आपल्याला कोडिंग येतं म्हणजे शिकवताही येईल असं वाटतं आणि फसगत तिथेच होते. तुम्ही पाच ओळींचा लूप बघता तेव्हा "अच्छा, बेरीज चाललीये" हे एका नजरेत कळतं. समोर बसलेल्या पोराला मात्र पाच सुट्या ओळी दिसतात, त्यातली बरोबरची खूण त्याला गणितातलं समीकरण वाटते, आणि त्याला असं वाटतंय हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो कारण तो मान डोलवत असतो.

२००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांच्या एका गटाने चार विद्यापीठांतल्या, पहिला कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना साधे कॅल्क्युलेटर छापाचे प्रोग्राम लिहायला दिले होते. सरासरी मार्क पडले ११० पैकी २२.८९. तेव्हा सगळे म्हणाले पोरांना प्रॉब्लेम सॉल्व्हिंग येत नाही. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि मंडळींनी लिहायला न लावता फक्त छोटे कोडचे तुकडे दिले आणि विचारलं, हा चालवला तर शेवटी काय उत्तर येईल. बऱ्याच जणांना तेही जमलं नाही! म्हणजे अडचण त्याच्या आधीची आहे, कोड वाचताच येत नाहीये आणि आपण निबंध लिहायला सांगतोय. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती बेतलंय, बाकी सल्ले कमीजास्त करा, हा सोडू नका.

सेमिस्टरच्या आधी: शेवटचा पेपर पहिला काढा

सिलॅबसची यादी घेऊन लेक्चरं मोजत बसू नका. आधी शेवटचा पेपर काढा, अगदी प्रश्नांसकट, आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की हे करायला पोराला आधी काय काय यायला लागेल. हे केलं की दोन गोष्टी होतात. एक, सिलॅबसमधली निदान पाव भाग टॉपिक कुठल्याच प्रश्नाला लागत नाहीत हे दिसतं, ती उडवा किंवा शेवटच्या आठवड्यात "माहिती म्हणून" ढकला. दोन, व्हेरिएबल, कंडिशन, लूप, फंक्शन आणि लिस्ट या पाचच गोष्टींवर जवळपास सगळा पेपर उभा आहे हे लक्षात येतं. या पाच गोष्टी कच्च्या ठेवून क्लास आणि इन्हेरिटन्सपर्यंत पोचण्यात कसलीही मर्दुमकी नाही. डिपार्टमेंट म्हणेल पुढच्या कोर्सला हे लागतं, तर पुढच्या कोर्सच्या मास्तरांना जाऊन विचारा, ते सांगतील की आमच्याकडे येणाऱ्यांना धड लूप लिहिता आला तरी पुष्कळ झालं.

भाषा कुठली निवडायची यावर लोक तासन् तास भांडतात, मी त्यात फार वेळ घालवणार नाही. पायथॉन सोपी पडते कारण पहिला प्रोग्राम एका ओळीचा असतो. जावाच्या जुन्या, नेहमीच्या पद्धतीत स्क्रीनवर एक वाक्य छापायला सुद्धा क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड एवढं लिहायला लागतं आणि "याचा अर्थ नंतर कळेल, आत्ता फक्त टाइप करा" असं पहिल्याच दिवशी सांगायला लागतं, त्यातून पोरं शिकतात काय तर कोड म्हणजे मंत्र, न कळता म्हणायचा. सी ला माझा विरोध नाही पण मेमरी कशी चालते हे शिकवायचं असेल तरच. ठरलेली भाषा बदलता येत नसेल तर आहे त्यात सुरू करा, भाषेने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा शिकवण्याच्या क्रमाने जास्त पडतो.

एक काम मात्र आधीच उरकून ठेवा, ते म्हणजे इन्स्टॉलेशन. पहिले दोन आठवडे ब्राउझरमध्येच चालणारं एडिटर वापरा, नाहीतर पहिली लॅब "सर माझ्याकडे पाथ सापडत नाही" यातच संपते आणि त्यातले काही जण तिथेच ठरवतात की हे आपलं काम नाही. तिसऱ्या आठवड्यात एक अख्खी लॅब फाइल, फोल्डर आणि पाथ यांना द्या, हो अख्खी, कारण फोनवर वाढलेल्या पोरांना फाइल नेमकी कुठे सेव्ह झाली हा प्रश्नच कधी पडलेला नसतो.

(खालचे कोडचे तुकडे पायथॉनच्या वळणाचे आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत टाकलेत.)

पहिलं लेक्चर

कॉम्प्युटरच्या पिढ्या, ब्लॉक डायग्राम, प्रोग्रामिंग भाषांचा इतिहास, हे सगळं बाजूला ठेवा. मार्कांचं वाटप वगैरे पाच मिनिटांत आटपा आणि हा तुकडा बोर्डावर लिहा:

ए = ५
बी = ए
ए = ७
प्रिंट(बी)

काय छापलं जाईल ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं, बोलायचं नाही. मग हात वर करायला सांगा, पाच म्हणणारे किती, सात म्हणणारे किती, एरर येईल म्हणणारे किती. सात म्हणणारे बरेच निघतात. त्यांचा तर्क वेडगळ नाहीये बरं का, बी आणि ए समान आहेत असं वरच म्हटलंय ना, मग ए बदलला की बी बदलायलाच हवा, गणितात असंच असतं. आता शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घाला म्हणावं, पुन्हा हात वर, आणि मग प्रोग्राम चालवून दाखवा. पाच येतं. त्या क्षणी वर्गात जी कुजबुज होते तिच्यावर पुढचा तास सहज निघतो.

या पहिल्या तासातच त्यांना सवय लागली पाहिजे की या कोर्समध्ये आधी अंदाज सांगायचा आणि मग रन दाबायचं. यूकेमध्ये सू सेंटन्स आणि सहकाऱ्यांनी याच क्रमाला प्रिम म्हणून नीट रूप दिलंय: अंदाज करा, चालवा, आतून तपासा, थोडं बदला, मग स्वतःचं लिहा. शाळेच्या मुलांसाठी केलंय पण विद्यापीठात तंतोतंत लागू पडतं.

मशीन आत काय करतं ते कागदावर दिसू द्या

आता जरा रेंगाळतो कारण सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. बेनेडिक्ट डु बुले यांनी १९८० च्या दशकात "नोशनल मशीन" ही कल्पना मांडली, म्हणजे भाषा शिकणाऱ्याच्या डोक्यात असायला हवं असं एक सोपं, काल्पनिक मशीन: ते एका वेळी एकच ओळ वाचतं, नावांची एक यादी ठेवतं, प्रत्येक नावापुढे एकच किंमत असते, नवी आली की जुनी गेली. चिप, रजिस्टर, बायनरी यांची गरज नाही. हे मशीन डोक्यात नसेल तर पोरगं कोड पाठ करतं, आणि पाठ केलेला कोड आकडा बदलला की कोसळतो.

ते डोक्यात घालायचा स्वस्त आणि हमखास उपाय म्हणजे ट्रेस टेबल, म्हणजे ओळीओळीने प्रत्येक नावाची किंमत कशी बदलते त्याचा तक्ता. हा तुकडा घ्या:

टोटल = ०
फॉर एन इन [३, ५, २]:
    टोटल = टोटल + एन
प्रिंट(टोटल)

कागदावर दोन कॉलम, एन आणि टोटल. सुरुवातीला टोटलखाली ०. मग एन ३, टोटल ३. एन ५, टोटल ८. एन २, टोटल १०. जुना आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर काट मारून खाली नवा लिहायचा, म्हणजे तुम्हाला तपासताना आकडा कुठे भरकटला ते दिसतं. आता त्याच तुकड्यात पहिली ओळ लूपच्या आत ढकला आणि पुन्हा ट्रेस करायला लावा. उत्तर २ येतं. "टोटल प्रत्येक फेरीला पुन्हा शून्य होतोय" हे वाक्य पोराच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नाही, तुम्ही कितीही वेळा सांगा ते चिकटत नाही.

व्हेरिएबल म्हणजे डबा हे उदाहरण मी देत नाही. डब्यात दोन वस्तू राहू शकतात, त्यामुळे काही जणांना खरंच वाटतं की जुनी किंमत आत कुठेतरी खाली दबून आहे. नाव आणि त्यापुढे किंमत, बास.

कागद झाल्यावर मग पायथॉन ट्यूटर दाखवा. फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये बनवलेलं हे फुकट टूल आहे, एकेक ओळ पुढे सरकते तशी नावं आणि किमती चित्रात बदलताना दिसतात. पण आधी कागद, नंतर टूल. उलट केलं की पोरं नुसतं पुढे पुढे बटण दाबत बसतात आणि सिनेमा बघितल्यासारखं बघतात.

याच टप्प्यावर अजून एक भूत उतरवायचं असतं. रॉय पी यांनी १९८६ मध्ये त्याला सुपरबग म्हटलं: आपल्याला काय म्हणायचंय ते कॉम्प्युटरला आतून कळतं असा मनातल्या मनातला समज. विचारलं तर कोणीच कबूल करणार नाही, पण कोडमध्ये दिसतो. हे बघा:

इफ उत्तर == "हो" ऑर "होय":

माणसाला बरोबर कळतं. पायथॉन मात्र ऑरच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासतो, आणि उजवीकडचा नुसता "होय" हा रिकामा नसलेला मजकूर असल्यामुळे तो खराच धरतो, म्हणून युजरने "नाही" टाइप केलं तरी इफच्या आतलं चालतं. हा बग मुद्दाम दाखवा, एररही येत नाही म्हणून तो फार शिकवून जातो. तसंच व्हाइल लूपचं. अनेकांना वाटतं की कंडिशनवर मशीन सतत डोळा ठेवून असतं आणि ती खोटी झाली की त्याच क्षणी लूपमधून उडी मारतं. तपासणी फक्त फेरीच्या सुरुवातीला होते, हे ट्रेस केल्याशिवाय पटत नाही.

लेक्चरमध्ये काय करायचं

स्लाइडवर तयार कोड दाखवणं बंद करा. एडिटर उघडा आणि समोर टाइप करा, मोठ्याने बोलत. त्याचा खरा उपयोग हा की तुमचा वेग आपोआप कमी होतो आणि पोरांना दिसतं की अनुभवी माणूस सुद्धा वरून खाली सरळ लिहीत नाही, मध्येच वर जातो, एक ओळ टाकतो, चालवून बघतो, पुन्हा बदलतो. दर दोनतीन ओळींनी रन करा. चूक झाली तर झाकू नका, "आता हे असं का आलं असेल" म्हणून वर्गाला विचारा. नाही झाली तर एखादी मुद्दाम करा.

दर पंधरावीस मिनिटांनी वरच्या ए-बी छापाचा एक बहुपर्यायी प्रश्न टाका. ही पद्धत हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात फिजिक्सच्या वर्गासाठी रूढ केली, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात तिला: आधी एकट्याने मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत, आणि शेवटी तुम्ही समजावणार. पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर प्रश्न जमला समजा. त्याहून कमी असेल तर चर्चेत एक आंधळा दुसऱ्याला वाट दाखवतो, जास्त असेल तर वेळ फुकट. क्लिकर (मत नोंदवायचं छोटं रिमोट) किंवा अ‍ॅप नसेल तर बोटं छातीशी धरून दाखवायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. चुकीचे पर्याय मात्र खऱ्या विद्यार्थ्यांच्या चुकांमधून घ्या, मनाने बनवलेले पर्याय कोणी निवडतच नाही. जुन्या उत्तरपत्रिका त्यासाठी सोन्याची खाण आहेत.

एक त्रास जवळपास प्रत्येक वर्गात असतो. शाळेपासून कोडिंग करणारे चारपाच जण पुढे बसतात आणि प्रश्न म्हणून स्वतःचं ज्ञान मांडतात, "सर हे लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने एका ओळीत होईल ना?" मागच्या बाकावरच्या पन्नास जणांना वाटतं की हे सगळ्यांना येतं, फक्त मलाच येत नाही. अमेरिकेत हार्वे मड कॉलेजने २००६ च्या सुमारास पहिला कोर्स पूर्वअनुभवावरून वेगळ्या तुकड्यांत विभागला, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे कॉम्प्युटर सायन्स निवडणाऱ्या मुलींचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४० टक्क्यांवर गेलं. विभागणी हे एकच कारण नव्हतं, कोर्सचं स्वरूपही बदललं होतं आणि मुलींना परिषदांना नेणं, लवकर रिसर्चमध्ये घेणं हेही होतं. तुम्हाला तुकड्या करता येत नसतील तर त्या पोराला तासानंतर बाजूला घेऊन सांगा की तुझे प्रश्न चांगले आहेत, ते माझ्याकडे ऑफिसमध्ये घेऊन ये, वर्गात नको. बहुतेकांना कळतं, आणि एकट्याने बोलायला मिळतंय याचा आनंदच होतो.

लॅब

लॅबमध्ये कोऱ्या स्क्रीनपासून सुरुवात करायला लावू नका, निदान पहिला महिनाभर तरी. क्रम असा ठेवा: एक चालणारा प्रोग्राम द्या, अंदाज लिहून घ्या, चालवा, मग त्यात लहान बदल सांगा, मग जरा मोठा, मग शेवटी त्याच धाटणीचा स्वतःचा. मध्ये एक पार्सन्स प्रॉब्लेम घाला. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये आणलेला हा प्रकार आहे, बरोबर प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या, पोरांनी क्रम लावायचा. सिंटॅक्सची, म्हणजे भाषेच्या लिहिण्याच्या नियमांची, धडपड वाचते आणि सगळं डोकं रचनेवर लागतं. एकदोन फसव्या ओळी जास्तीच्या टाका, पण चारपेक्षा जास्त नको, मग ते कोडं होऊन बसतं.

जोडीने बसवा. एक टाइप करणार, दुसरा सांगणार, पंधरावीस मिनिटांनी अदलाबदल, आणि ती अदलाबदल तुम्ही ओरडून जाहीर करायची नाहीतर ती होतच नाही. जोड्या साधारण सारख्या वकुबाच्या लावा. हुशार आणि कच्चा अशी जोडी लावली की हुशार टाइप करतो आणि कच्चा फोन बघतो.

टीचिंग असिस्टंट असतील तर त्यांना एकच नियम पाठ करायला लावा: विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. कधीही नाही. आणि हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे: तुझ्या मते काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? कुठल्या ओळीपर्यंत सगळं ठीक आहे याची तुला खात्री आहे? तिसऱ्या प्रश्नावर निम्म्या वेळा पोरं स्वतःच "अरे हो" म्हणतात.

एररचं पण इथेच सांगतो. लाल अक्षरं दिसली की पोरं वाचतच नाहीत, लगेच हात वर. पायथॉनमध्ये एरर खालून वर वाचायची असते, शेवटच्या ओळीत काय झालं ते, त्याच्या वर कुठे झालं ते. दुसऱ्या लॅबमध्ये मुद्दाम मोडलेले पाचसहा छोटे प्रोग्राम द्या आणि दुरुस्ती नको, फक्त प्रत्येक एररचा अर्थ आपल्या शब्दांत लिहून द्या म्हणावं. हे काम कंटाळवाणं वाटेल पण पुढे तुमचा निम्मा त्रास वाचवतं. एक ओळ नंबर दाखवलेला असतो आणि खरी चूक कधीकधी त्याच्या वरच्या ओळीत असते, हेही एकदा दाखवून ठेवा.

जिथे हमखास गाडी अडते

दोन जागा आहेत, लूप आणि फंक्शन. इथे सिलॅबसमध्ये जेवढा वेळ धरलाय त्याच्या दीडपट धरा.

लूप शिकवताना सिंटॅक्स दहा मिनिटांत होतो, वेळ लागतो तो साच्यांना. इलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की अनुभवी माणूस ओळींत विचार करत नाही, ठरलेल्या साच्यांत करतो. पावसाच्या आकड्यांची सरासरी काढायचा त्यांचा प्रश्न अजून वापरला जातो: ९९९९९ येईपर्यंत आकडे वाचा, मग सरासरी सांगा. यात बेरीज साठवणं, मोजणं, थांबायची खूण ओळखणं आणि एकही आकडा आला नाही तर शून्याने भागायचं टाळणं, एवढे चार साचे एकमेकांत गुंफलेले आहेत, म्हणून तो वाटतो तेवढा सोपा नाही. तर साच्यांना नावं द्या आणि वर्गात तीच वापरा, "साठवणारा", "मोजणारा", "सगळ्यात मोठा शोधणारा", "सापडला का बघणारा". नाव असलं की पोरगं प्रश्न वाचून म्हणू शकतं की इथे मोजणारा आणि साठवणारा दोन्ही लागतील, आणि तिथे अर्धं काम झालेलं असतं.

प्रत्येक साच्याबरोबर त्याची ठरलेली चूकही शिकवा. सगळ्यात मोठा शोधताना जवळजवळ सगळे "मोठा = ०" ने सुरुवात करतात. मार्कांच्या यादीवर चालतं. मग तापमानाची यादी द्या, उणे ४, उणे ९, उणे २. उत्तर येतं शून्य, जे यादीत नाहीच. आता उपाय त्यांनाच शोधू द्या, यादीतल्या पहिल्या आकड्यापासून सुरुवात करायची हे कोणीतरी सांगतंच.

फंक्शनमध्ये खरी मारामारी प्रिंट आणि रिटर्न यांची. हा तुकडा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका:

डेफ दुप्पट(एन):
    प्रिंट(एन * २)

ए = दुप्पट(४)
प्रिंट(ए + १)

स्क्रीनवर ८ दिसतो, आणि लगेच पुढे एरर. पोरं चक्रावतात, "आठ तर आला की!" आला, पण डोळ्यांना दिसला, प्रोग्रामच्या हाती काही आलं नाही, ए मध्ये नन (पायथॉनच्या भाषेत "काहीच नाही") बसलंय आणि ननमध्ये एक मिळवता येत नाही. उत्तर स्क्रीनवर दाखवणं आणि उत्तर ज्याने मागितलं त्याला परत देणं यातला फरक इथे पक्का होतो. त्यासाठी एक कडक नियम करा: फंक्शनच्या पहिल्या दोन आठवड्यांत फंक्शनच्या आत प्रिंट आणि इनपुट वापरायलाच बंदी. मग ट्रेस टेबलमध्ये प्रत्येक फंक्शन कॉलसाठी वेगळा चौकोन काढायला लावा, फंक्शन संपलं की त्या चौकोनावर फुली. आतला एन आणि बाहेरचा एन वेगळे का हे तीनचार चौकोन काढले की आपसूक कळतं. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, पहिल्या कोर्सला घ्यायचं का? चौकोनांची सवय झाली असेल तर घ्या, नसेल तर अजिबात नको.

असाइनमेंट आणि एआय

दोन आठवड्यांचा एक मोठा प्रोजेक्ट देण्यापेक्षा दर आठवड्याला पाचसहा छोटे प्रोग्राम द्या. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एकदा अडकलं की पोरगं पूर्ण अडकतं, आणि आदल्या रात्री कोणाचा तरी उचलतं. छोट्यांत एक नाही जमला तर दुसरा जमतो. ऑटोग्रेडर (प्रोग्राम आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर "टेस्ट ३ फेल" एवढाच निरोप देऊ नका, कुठला इनपुट होता, काय यायला हवं होतं, काय आलं, हे दिसू द्या. सबमिशन अमर्याद ठेवलं की लोक विचार न करता प्लसच्या जागी मायनस टाकून बघत बसतात, म्हणून तासाला ठरावीक एवढीच अशी मर्यादा घाला.

आता ज्या मोठ्या प्रश्नाकडे सगळे काणाडोळा करतात तो, एआय. २०२२ मध्येच ऑकलंड विद्यापीठाच्या मंडळींनी त्या वेळच्या कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या एआय मॉडेलला पहिल्या कोर्सचे परीक्षेतले प्रश्न दिले होते आणि ते वर्गातल्या वरच्या पाव भागात बसलं. त्यानंतर मॉडेलं कुठल्या कुठे गेलीत. त्यामुळे घरून करून आणलेल्या असाइनमेंटवरून कोणाला काय येतं हे ठरवायचे दिवस संपले, आणि एआयने लिहिलंय का ते ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या भरवशावर कोणावर आरोप करायला तर अजिबात जाऊ नका. माझी मांडणी साधी आहे. घरच्या कामाला एकूण मार्कांतले थोडेच मार्क ठेवायचे, म्हणजे ढापण्यात फारसा फायदाच उरत नाही. बाकीचे मार्क लॅबमधल्या छोट्या समोरासमोरच्या चाचण्यांना. आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाकडे तीनचार मिनिटं: स्वतःच सबमिट केलेला प्रोग्राम उघड, ही ओळ काढली तर काय होईल सांग, आणि आता यात एवढा बदल माझ्यासमोर कर. ज्याने स्वतः लिहिलाय त्याला हे हसतहसत जमतं. ज्याने एआयकडून घेतलाय पण नीट समजून घेतलाय त्यालाही जमतं, आणि माझं त्याच्याशी काही भांडण नाही.

पहिले काही आठवडे एआय पूर्ण बंद, पुढे समजावून घ्यायला चालेल पण लिहून घ्यायला नाही, असा स्पष्ट नियम कारणासकट लेखी द्या. "शक्यतो वापरू नका" असली गुळमुळीत भाषा नको, प्रामाणिक पोरं वापरत नाहीत आणि बाकीचे वापरतात, एवढंच होतं. वर्ग मोठा असेल तर तोंडी तपासणीला असिस्टंट लागतील हे खरंय, त्यांचा वेळ असाइनमेंट तपासण्यातून काढून इकडे वळवा.

परीक्षा

पेपरमध्ये सगळेच प्रश्न "प्रोग्राम लिहा" नसावेत. साधारण एक तृतीयांश ट्रेस करा, एक तृतीयांश समजावून सांगा किंवा ओळींचा क्रम लावा, आणि उरलेल्यात लिहा. लिहिण्याचे प्रश्न एकमेकांवर अवलंबून ठेवू नका, अ भाग चुकला म्हणून ब आणि क दोन्ही बुडाले यात तुम्हाला त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. कागदावर कोड लिहून घेत असाल तर कोलन राहिला म्हणून मार्क कापणं हा निव्वळ खडूसपणा आहे.

समजावून सांगा या प्रश्नाचं उदाहरण देतो. यादीतून फिरणारा लूप, आत इफ एन < ०, आत के = के + १. एक पोरगं लिहितं, "लूप यादीतून फिरतो, एन शून्यापेक्षा लहान असेल तर के एकने वाढतो". चूक काहीच नाही, पण ही फक्त कोडची पोपटपंची झाली, अर्धे मार्क. दुसरं लिहितं, "यादीत ऋण आकडे किती आहेत ते मोजतो". पूर्ण मार्क, आणि हे दुसरं उत्तर देणारी पोरं कोड लिहिण्यातही बहुधा पुढे असतात. असे प्रश्न तपासायलाही झटपट होतात.

मागे पडणाऱ्यांचं काय

"काहींना येतं, काहींना येत नाही, जन्मतःच असतं ते" हे स्टाफरूममध्ये फार ऐकू येतं. त्याला आधार म्हणून ज्या लेखाचा हवाला दिला जायचा, कोर्सच्या आधीच एका चाचणीने कोण पास होणार ते सांगता येतं म्हणणारा २००६ चा लेख, तो रिचर्ड बोर्नाट यांनी स्वतःच २०१४ मध्ये मागे घेतला. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका विद्यापीठातल्या कोर्सच्या मार्कांचे ७७८ आलेख तपासले गेले, येणारे आणि न येणारे असे दोन वेगळे गट असते तर आलेखात दोन टेकड्या दिसल्या असत्या, तसे म्हणता येतील असे निघाले फक्त ५.८ टक्के. बाकी सगळे आपले नेहमीसारखे. जगभरच्या पाहण्यांत पहिल्या कोर्सला नापास होणारे २०१४ मध्ये सुमारे ३२ टक्के आणि २०१९ मध्ये २८ टक्के निघाले, ही संख्या मोठी आहेच, पण हा विषय एकावर एक रचत जातो म्हणून तिसऱ्या आठवड्यात सुटलेला धागा दहाव्या आठवड्यात फास होतो, त्याचा जन्माशी संबंध नाही.

म्हणून मिडटर्मची वाट बघू नका, तोवर उशीर झालेला असतो. तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांची ट्रेसची चाचणी घ्या, तीन प्रश्न पुरे. ज्यांना एकही आला नाही आणि ज्यांनी लागोपाठ दोन लॅब बुडवल्या त्यांना त्याच दिवशी वैयक्तिक मेसेज करा, वर्गाच्या ग्रुपवर सरसकट सूचना नाही, ती कोणी स्वतःला लावून घेत नाही. मेसेजमध्ये उपदेश नको, एवढंच की गुरुवारी अमुक वेळेला मी बसलोय, तुझा चाचणीचा कागद घेऊन ये, वीस मिनिटांत दुसरा प्रश्न आपण मिळून करू. "कधीही ये" असं लिहिलं तर कोणी येत नाही.

आणि आलेल्यांना पुन्हा चाचणी देऊ द्या, दुसऱ्या वेळचे मार्क धरा. यात काम वाढतं अशी तक्रार होईल, पण ट्रेसचे प्रश्न आकडे आणि नावं बदलून हवे तेवढे बनतात, एका बैठकीत पंधरावीस जोड्या करून ठेवल्या की दोन वर्षं बघायला नको. फक्त आकडे बदलल्यावर उत्तर एकदा स्वतः चालवून बघा, नाहीतर लिस्ट रिकामी निघते आणि अख्खी बॅच तुमच्याकडे वाद घालायला येते.